बाबलचा गुडघा

हे मी घरात बोललो नाही, मित्रांच्या बैठकीत तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय — कुठून सुरुवात करू?

मालवणात तेव्हा एक फुटबॉल क्लब निघाला होता. खेळाडूंना महिन्याचा पगार देणारा, खराखुरा व्यावसायिक. एका हॉटेलवाल्या शेठने काढलेला. दोन हंगामांत बंद पडला. का बंद पडला, हे सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं — कारण त्यांना ते मीच सांगितलं.

मी त्यात राखीव खेळाडू होतो, आणि क्लबची पत्रकं लिहायचो. वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढलेलो. खेळाडू हा कामगार आहे, एकाचं दुखणं ते सगळ्यांचं — असलं काय काय. आमचा कप्तान बाबल, एरवी होडीवर मासेमारी करणारा, हसायचा.

"रे, पत्रकां वाचून गोल होणा नाय."

पण घडी घालून खिशात ठेवायचा.

शेवटचा सामना. हरलो तर लीगमधून बाहेर, बरोबरी पुरेशी. उत्तरार्धात बाबल लंगडत कडेला आला. बाकावर मी एकटाच उरलो होतो.

"तू जा आता. माझो गुडघो गेलो."

मैदानाभोवती सगळं गाव होतं — माझी पत्रकं वाचलेलं गाव. माझ्या पायातून चेंडू निसटला असता, तर काय झालं असतं? हसले असते. एवढंच ना? मी म्हणालो, सकाळी धावताना माझा पाय मुरगळलाय.

"मगे आधी सांगूचा नाय? बस, बस. पाय सांभाळ."

आणि तो परत आत गेला.

बरोबरी झाली. बाबलला मात्र उचलून आणावं लागलं. हलत्या होडीत त्याला पुन्हा कधी उभं राहता आलं नाही.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. शेठने फोनवरून हुकूम दिला आणि जखमी माणसाला खेळवलं — असं. शेठने फोन केलाच नव्हता. माझं सगळ्यात जळजळीत पत्रक ते. लोक हॉटेलावर चालून गेले, काचा फुटल्या. शेठने क्लब बंद केला. बरोबरी मिळवून वाचवलेला क्लब. पोरं पांगली, कुणी गोव्याला, कुणी मुंबईला.

सामन्याच्याच आठवड्यात बाबलच्या भावांची रापण लागली होती. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते जाळं. आणि जो दुखण्याने घरी पडलाय, त्याचाही वाटा निघतो. संध्याकाळी बाबलची बायको बांगडे घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"भावजी, हो तुमचो वाटो. पाय दुखावलो मां तुमचो? ह्यांनी आठवणीन धाडलो."

मी दारापर्यंत लंगडत गेलो, आणि घेतला.