खांदमळणी

बोरगाव मेघेतल्या त्या गृहस्थांचं नाव मला ठाऊक नाही. ओळख फक्त पायांशी. बाकीचं अंग रोज त्यांच्या जुन्या, दोन सीटांच्या विलायती गाडीखाली असे. तिच्या सुट्या भागांपायी चालती जीप विकली, तरी ती विटांवरच उभी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र ते अख्खे दिसले. खांदमळणीत बैलाच्या खांद्याला चोळून आवतण देतात, तसं गाडीच्या मडगार्डला हळद-तूप चोळत म्हणत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

मी म्हटलं, "काका, पोळा राबणाऱ्याचा असते. हे तर हालत बी नाई."

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. वाटी हिसकून उरलेलं हळद-तूप त्यांनी काकांच्याच खांद्यांना चोळलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. अन् उद्या गाडीखाली शिरू नका. पोळ्याले बैल जुंपत नाई."

काका मान खाली घालून निमूट उभे राहिले.