परसातलं ऊन

परसात भाजी लावायची म्हणून मी मोबाइलवर बागेचा आराखडा करत बसले होते. जागेचं माप दिलं, माती कशी आहे ते सांगितलं. मग ॲपने विचारलं, कोणत्या कोपऱ्यात किती तास ऊन येतं? या घरात मला वीस वर्षं झाली, पण ते काही सांगता येईना.

खिडकीपाशी खाटेवर सासूबाई होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा महिने त्या तिथेच पडून आहेत. म्हणाल्या, "नळापाशी नऊला येतं, साडेअकराला जातं. भिंतीकडेला मात्र चारपर्यंत असतं. मिरच्या तिकडे लाव."

मी ते भरलं. त्यांचे दिवस रिकामे जातात, असंच मी धरून चालले होते. जेवलात का, गोळी घेतलीत का, याखेरीज इतक्या महिन्यांत मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. आणि त्या रोज एवढं बघत होत्या.

"पेरूच्या पलीकडे किती येतं?" मी विचारलं.

त्यांनी मान उंचावून पाहिलं. "ते इथून दिसत नाही," म्हणाल्या. "खाट थोडी फिरवून दे. उद्या सांगते."