वाट्या टेकायच्या ती जागा

आईचा दमा दुष्काळानं वाढवला. तिसगावच्या रस्त्याला खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं आणि दारं लावली तरी तिची धूळ घरात यायची. वडील शाळेत मास्तर होते. त्या सुमारास चीनमधल्या सुया टोचायच्या उपचारावर वर्तमानपत्रांत काहीबाही छापून येई. वडील तसलं एक कात्रण घेऊन नगरच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांकडे सुया नव्हत्या, पण एक चिनी तक्ता होता. त्यात बघून त्यांनी छातीच्या मधल्या हाडावरची जागा सांगितली, "मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात ना, तिथं अंगठ्यानं दाबत राहायचं."

आईला धाप लागली की वडील आम्हाला बाहेर पिटाळायचे. "पोरं हायेत दाराशी," म्हणत ती पदर ओढून घ्यायची. "पोरांना आई हवीय की नको?" म्हणत ते दाबायला बसायचे. तिला आराम पडायचा. तो चिनी विद्येनं पडायचा की त्यांच्या अंगठ्यानं, देव जाणे.

मग वडीलच गेले. वर्गात शिकवता शिकवता कोसळले. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढून फडक्यात बांधलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं.

सुतकातच एका दुपारी आईला धाप लागली. ओठ निळे पडले. आत्या तिची पाठ चोळत होती. मी आईच्या छातीवर अंगठा नेला आणि माझा धीरच सुटला. तिथं टेकायला वाट्याच नव्हत्या. वडील नेमकं कुठं दाबायचे, ते आम्ही पोरांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मी कोनाड्यातलं फडकं सोडलं. मंगळसूत्र आईच्या गळ्यात घालायला गेले, तर आत्यानं मनगट धरलं. "येडी का खुळी तू? कुकू पुसलेल्या बाईच्या गळ्यात घालतीस?"

मला असा संताप आला की मी ते सरळ माझ्याच गळ्यात घातलं. लग्न न झालेल्या पोरीचा हा अवतार बघून आत्या "अगं बाई" म्हणत मागं सरली. वाट्या माझ्या छातीवर टेकल्या तीच जागा मी आईच्या छातीवर धरली आणि जीव खाऊन दाबलं.

काही होईना. आईची बुबुळं वर जायला लागली. देवाला, चीनला, आम्हाला टाकून गेलेल्या वडिलांना मनातल्या मनात शिव्या देत मी दाबत होते. तेवढ्यात आईचा हात हलला. तिनं माझा अंगठा धरून थोडा वर सरकवला.

"हितं," ती कशीबशी म्हणाली. "ते हितं दाबायचे."

बऱ्याच वेळानं तिचा श्वास मोकळा झाला. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे ती नुसती बघत राहिली.

"कशाला दाबलंस गं?" ती म्हणाली. "चालले हुते ना मी त्यांच्याकडं."

मला रडू फुटलं. उठून बाहेर जावं म्हटलं, पण तिनं माझा अंगठा छातीवर घट्ट धरून ठेवला होता आणि काही केल्या ती तो सोडेना.