ऑइल घातलं होतं

आमच्या घरात विसरण्याला 'ऑइल' म्हणतात. चावी आत राहून दार लागलं की 'ऑइल झालं'. दूध गॅसवर ठेवून मी फोनवर बोलत बसले की 'सूनबाईंनी ऑइल केलं'. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, असेल यांच्याकडचा काहीतरी शब्द. मग कळलं की तो माझ्या सासूबाईंच्या नावावर आहे. कुणी तो उच्चारला की त्या कुठल्याही खोलीत असोत, त्यांच्या हातातलं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं जातं.

सासरे टेलिफोन खात्यात होते आणि त्यांच्या हातात जादू होती. म्हणजे असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्याकडे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. तिचं इंजिन त्यांनी एकदा घरीच खोललं, पुन्हा जोडलं आणि गल्लीभर मिरवलं. मग चारच दिवसांत तापाने आडवे झाले. सासूबाई दवाखान्यात कंपाउंडर. दवाखान्याची चावी त्यांच्याकडे, उशीर झालेला, म्हणून त्या दिवशी स्वतःच गाडी घेऊन निघाल्या. वाटेत पेट्रोल भरलं. या गाड्यांना पेट्रोलमध्येच मापाने ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा घासतो आणि इंजिन जाम होतं. पुलाच्या चढावर इंजिन किंचाळलं आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. बाई गाडी ढकलत घरी आल्या, तर सासऱ्यांनी अंथरुणातूनच निकाल दिला, "ऑइल विसरलीस."

"घातलं होतं."

"घातलं असतंस तर जाम कशाला झालं असतं?"

संपलं. इंजिन उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. सासऱ्यांनी फणफणत गाडी मागच्या खोलीत ढकलली, वर ताडपत्री टाकली आणि स्कूटर घेतली. त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, ही बातमी झाडून सगळ्या नातेवाइकांत पोचवली. गंमत बघा, जी बाई दिवसभर थेंब मोजून औषधं बनवते, जिच्या हातून एक बाटली कधी कमीजास्त झाली नाही, ती मिसळायचं विसरली म्हणे. मला तर ऐकूनच राग यायचा. पण सून पडले, गप्प बसायचे.

परवाच्या पावसाळ्यात माझी मुलगी छत्री शाळेत विसरून आली आणि दारातूनच म्हणाली, "आज माझं ऑइल झालं." सगळे हसले. मग तिने आजीकडे बघून साध्या मनाने विचारलं, "आजी, तू खरंच विसरली होतीस?"

जेवण झालं, हात धुतले आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन सासूबाईंनी ताडपत्री ओढली. इतकी धूळ उडाली की मी शिंकून शिंकून बेजार.

"इंजिन खोलणार आहे मी," त्या म्हणाल्या. "आतमध्ये काय झालंय ते सगळ्यांना दिसू दे."

माझा नवरा म्हणाला, "आई, मेकॅनिककडे देऊ ना."

"मेकॅनिक तुझ्या बाबांच्या ओळखीचा. तो आधी त्यांना विचारेल आणि मग इंजिनला काय झालं ते ठरवेल."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय? जुनी चादर काढून द्या खाली अंथरायला."

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की बाई बाह्या वर करून मागच्या खोलीत, शेजारी फोनवर इंजिन खोलायचा व्हिडिओ. आधी स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल ओतून इंजिन भिजत ठेवलं. औषधासारखं. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. अधूनमधून गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढेमागे हलवून बघायच्या. चाक ढिम्म. सासरे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे, पण पान उलटल्याचा आवाज काही यायचा नाही.

वरच्या हेडचे, म्हणजे इंजिनच्या झाकणाचे, नट निघाले, एक सोडून. तो असा हट्टाला पेटला होता की मी म्हटलं, हा नक्की सासऱ्यांच्या घराण्यातला. पान्याच्या दांड्यात पाइप घालून आम्ही दोघी लोंबकळलो तेव्हा कुठे तो करकरला. हेड निघालं. खाली पिस्टन ब्लॉकमध्ये अर्ध्यावर अडकून बसला होता. ब्लॉक म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते. त्यावर गरम फडकी गुंडाळायची, लाकडी ठोकळा ठेवून हळूच ठोकायचं, पुन्हा ऑइल, पुन्हा ठोकायचं. "घाई केलीस तर पुरावा मोडेल," त्या मला बजावायच्या. तीन वेळा माझं बोट ठेचलं, मी तोंडातून काय काय काढलं ते सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अखेर ब्लॉक सुटला. सासूबाईंनी तो खिडकीकडे धरला आणि आत बोट फिरवलं. एका बाजूला वरपासून खाली खोल चर होता. बाकी सगळी भिंत गुळगुळीत. मग त्यांनी पिस्टन हातात घेतला. त्याच्या पोटातून एक आडवी पिन जाते. ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं इवलंसं कडं बसवतात, त्याला लॉक म्हणतात. एका टोकाला लॉक होतं. दुसऱ्या टोकाला नव्हतं.

"तुझ्या टाचण्यांचा लोहचुंबक आण," त्या म्हणाल्या. मी शिवणकाम करते, पडलेल्या टाचण्या उचलायला तो लागतो. दोऱ्याला बांधून त्यांनी तो इंजिनच्या तळाशी सोडला आणि वर ओढला, तर त्याला तारेचा एक वाकडा तुकडा चिकटलेला. त्यांनी तो फडक्याने पुसून जपून बाजूला ठेवला.

ब्लॉक लेथवर बोअर करून, म्हणजे आतून कोरून गुळगुळीत करून, आणायचा होता. "तुम्हीही चला," त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. लेथवाल्याला त्यांनी घरची कथा ऐकवली नाही. एवढंच विचारलं, "हे कशाने झालं असेल?"

त्याने ब्लॉकमध्ये बघितलं, पिस्टन उलटासुलटा केला. "लॉक निसटलंय. पिन बाहेर येऊन भिंतीत घुसली."

"ऑइल नसतं तर?"

"तर चौफेर ओरखडे पडले असते. आणि खालची बेअरिंग करपली असती. आणलीय का तुम्ही?" आम्ही फोनमधला इंजिनच्या तळाचा फोटो दाखवला. "ही बघा, जराही करपलेली नाही. जुनं लॉक पुन्हा वापरलं असेल कुणीतरी. एकदा काढलं की त्याचा ताण जातो. फेकून द्यायचं असतं ते."

"पुन्हा एकदा सांगा," सासूबाई म्हणाल्या. "यांना कमी ऐकू येतं."

सासऱ्यांना टाचणी पडली तरी ऐकू येते. आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना ते पुटपुटले, "जुनी गोष्ट झाली. आता काय त्याचं?"

सासूबाईंचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, आता सासऱ्यांना दोन शब्द सुनावणार. पण त्या म्हणाल्या, "गाडी चालू होऊ दे. मग बघू."

नवा पिस्टन आला, त्याच्या रिंगा आल्या, छोट्या पुडीत दोन नवी कोरी लॉक आली. जोडणीच्या दिवशी सासरे दारात येऊन उभे राहिले. मग आत आले. मग चादरीच्या कडेवर बसले. सासूबाईंनी पुडी त्यांच्यासमोर धरली. "बसवा."

त्यांनी बसवली. डावीकडचं, उजवीकडचं. सासूबाईंनी दोन्ही नखाने दाबून बघितली आणि मान हलवली. कार्बोरेटर उकळून साफ केला, नवा प्लग लावला, टाकी पेट्रोलने दोनदा विसळली. कामात दोघं मधूनमधून भांडत होती, आणि ते ऐकून माझा नवरा कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसला.

रविवारी सकाळी गाडी अंगणात आली. सासूबाईंनी दवाखान्यातला जुना काचेचा मापाचा पेला काढला, त्यात ऑइल ओतलं आणि तो सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "रेघ बघा."

"बघितली."

"बरोबर आहे?"

"आहे."

ऑइल पेट्रोलमध्ये गेलं. सासूबाईंनी पायाने किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी, नुसताच हवेचा फुसफुसाट. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी शांतपणे प्लग काढला, फडक्याने पुसला, पुन्हा लावला. आणि मग एक किक अशी मारली की इंजिन खोकलं, धुराचा पांढरा लोट माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला आणि गाडी खणखणीत आवाजात सुरू झाली. मी रडायला लागले. धुराने नाही. आनंदाने.

सासूबाईंनी गाडी बंद केली नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, आत्याबाईंचा नंबर लावला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

सासरे फोनकडे बघत राहिले. आत्याबाईंना हल्ली खरंच कमी ऐकू येतं, आणि शेजारी इंजिन धडधडत होतं. "ताई," ते म्हणाले, "तिने ऑइल घातलं होतं." पलीकडून काय आलं कळलं नाही. सासऱ्यांनी घसा खाकरला. "अगं, गाडीत. ऑइल घातलं होतं तिने." पुन्हा पलीकडून प्रश्न. मग त्यांनी डोळे मिटले आणि पूर्ण आवाज लावून ओरडले, "तिने ऑइल घातलं होतं! लॉक मी जुनं बसवलं होतं! चूक माझी होती!"

समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला. माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. सासूबाईंनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एक शब्दही वाया जाऊ दिला नाही. मग डोळे पुसले, हेल्मेट घातलं आणि गाडीवर बसल्या.

"बसा मागे," त्या म्हणाल्या.

सासरे निमूट मागे बसले. सासूबाईंनी मान वळवली. "लॉक बसवलंत ना?"

"दोन्ही बाजूंना," सासरे म्हणाले, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.