बारा चित्रांचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — दिल्लीत वाढूनही पोरीचं मराठी टिकलं, याचं तिला फार कौतुक आहे.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या कलादालनात काम करते. चित्रं टांगून घ्यायची, खालच्या पट्ट्या लिहायच्या, पाहुण्यांना चहा मिळाला का बघायचं. मराठी काही आलं की माझ्याच टेबलावर येतं. ‘मॅडम तो मराठी हैं’ हे ऐकायला मला आवडतं. अजूनही आवडतं — ते कशाला लपवू?

काही वर्षांपूर्वी आम्ही फरीदाबादच्या सुमनकाकूंची चित्रं लावली. वय ऐंशीच्या पुढे. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, जन्मभर घरात चित्रं काढलेल्या, आणि ती कुणाला फारशी न दाखवलेल्या. पेन्सिलीची बारा चित्रं. प्रत्येकात तीच मुलगी, वहीवर वाकून लिहिणारी. मागे एकच शब्द, ‘शिक्षा’, आणि पुढे आकडा.

मी तो हिंदीत वाचला. काकूंना एकदा विचारलंही नाही. पट्टीवर इंग्रजीत ‘एज्युकेशन’ लिहिलं आणि प्रदर्शनालाही तेच नाव सुचवलं. आमच्या विभागप्रमुखांना ते इतकं पटलं, की सरांनी मुलींच्या शिक्षणावर दोन पानं लिहून काढली.

मग कॅटलॉगचं प्रूफ आलं. तपासताना एका चित्रात त्या मुलीच्या वहीतली बारीक अक्षरं दिसली. भिंग घेऊन वाचली. ‘मी पुन्हा चित्र काढणार नाही.’ खाली तेच. त्याखालीही तेच. ही मुलगी शिकत नव्हती. तिला शिक्षा झाली होती — आपल्या मराठीतली, लहानपणी आई मला करायची ती. हा शब्द मला येत नव्हता, असं म्हणायचीही सोय नाही.

छपाईला दोन दिवस होते. एक फोन पुरला असता. पण मग सगळ्यांना कळलं असतं, की मॅडमना साधं मराठी वाचता आलं नाही. मी प्रूफवर सही केली.

एवढ्यावरच थांबलं असतं तर? तर कदाचित मी हे लिहायला बसलेच नसते.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी काकूंच्या वडिलांचं तोंडभरून कौतुक केलं. त्या काळात मुलीला वही घेऊन बसवणारा बाप, वगैरे. काकू पहिल्या रांगेत होत्या. भाषण संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“अगं, माझी चित्रं बंबात घातली होती वडिलांनी. हे काय बोलत होते? तुला तरी कळलं होतं ना?”

आणि मी म्हटलं — अगदी सहज, मलाच नवल वाटावं इतकं सहज — “मी सांगितलं होतं काकू. सरांना ते बरं नाही वाटलं. घरातलं असलं काही लोकांसमोर नको म्हणाले.”

काकू “अच्छा” म्हणाल्या.

ती बारा चित्रं विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायचं ठरलं होतं. काकूंनी नकार दिला आणि सगळी घरी नेली. सर हळहळले, काय बिनसलं म्हणून मला विचारत राहिले. मी म्हटलं, म्हातारी माणसं लहरी असतात.

दोनेक वर्षांनी काकू गेल्या. मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, त्या प्रदर्शनानंतर आईने पेन्सिल हातात घेतली नाही. विचारलं की म्हणायची, लोकांना नको असतं गं ते.

सरांनी यातलं एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. त्यांना खरं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी नाव बदललं असतं, आपली दोन पानंही फाडली असती. काकूंशी खोटं बोलतानाही मला हे माहीत होतं.