वळणावर गळणारी हवा

पहिल्याच भेटीत नथ्थूजींनी मला गप्प बसवले. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तेव्हा होते. त्यांचा डबा घेऊन मी बोरगावहून गॅरेजवर गेले होते आणि उशीर का झाला ते मोठ्याने सांगत होते. आमच्या ट्रेलरखालून नथ्थूजींचा आवाज आला, "चूप बसा जरा, सूनबाई. हवा बोलून राह्यली." मालक हसले. मला राग आला, पण गप्प बसले. आणि मग मलाही ऐकू आले. मागच्या चाकापाशी कुठेतरी अगदी बारीक, सूंऽऽ. आज नथ्थूजी मिस्त्री पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्यावर लिहा, असे गॅरेजच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मला आधी तोच दिवस आठवला.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ट्रेलरचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीतली हवा नळ्यांतून चाकांपर्यंत जाते. गाडी जुनी झाली की नळ्या घासतात, रबर तडकते, हवा गळते. थोडी गळाली तर ब्रेक उशिरा लागतो. फार गळाली तर चाके जाम होऊन गाडी रस्त्यातच बसते. नथ्थूजी आधी चाकांना दगड लावतात, टाकी भरतात, इंजिन बंद करतात आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसतात. मग एकाला ब्रेक दाबून धरायला लावतात आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक जोडावर फिरवतात. जिथे फुगे, तिथे गळती. हे मी कितीदा तरी पाहिले आहे. फुगा उठला की अजूनही माझ्या तोंडून "सापडली!" निघतेच.

एकदा एक ड्रायव्हर घाईत होता. म्हणाला, "उस्ताद, त्या एका चाकाची लाईन बंद करून द्या ना. बाकीचे ब्रेक हायेतच." नथ्थूजींनी त्याच्या गाडीची चावी आपल्या खिशात टाकली. "तुही एक चप्पल इथं ठेवून जाय मंग. दुसरी हायेच पायात." सारे गॅरेज हसले. तो ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत थांबला आणि सगळ्या चाकांचे ब्रेक घेऊनच गेला.

आमचे मालक आजारी पडले, सेवाग्रामला दवाखान्यात होते, परत आले नाहीत. त्याला सहा वर्षे होतील. मी चौथी शिकलेली. पुढचे सगळे वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवले. ट्रेलर चालवता येत नसला तरी चालवून घेता येईल, असे मला वाटले. आमचा जुना ड्रायव्हर गजानन होताच. पण वर्षाच्या आतच हवा उतरू लागली. गजानन म्हणाला, "वैनी, काटा मधातच खाली येते न् मंग आपोआप वर चढते. अशा गाडीत कापसाच्या गाठी भरून मी नाई बसत." त्याचे बरोबरच होते. माझे दीर म्हणाले, विकून टाका. त्यांनी येत्या सोमवारसाठी नागपूरचे गिऱ्हाईक बोलावलेसुद्धा. गाडी गेली असती तर मला भावाच्या घरी जाऊन राहावे लागले असते.

गुरुवारी आणि शुक्रवारी नथ्थूजींनी गाडी तपासली, दोन चाकांच्या ब्रेकमधले रबरी पडदे बदलले. गॅरेजमध्ये काटा हलत नसे, रस्त्यावर गेले की पडत असे. शनिवारी मीच गजाननच्या शेजारी चढून बसले.

"वैनी, तुम्ही कायले?"

"तू रस्ता पाय, मी काटा पायते."

सरळ रस्त्यावर काटा ठाम. फाट्यावर गाडी वळली आणि काटा घसरला! गाडी सरळ झाली, काटा थांबला. "पुन्हा वळव!" मी ओरडले. पुन्हा घसरला. तिसऱ्या वळणाला आम्ही दोघेही ओरडत होतो, आणि फाट्यावरचा चहावाला केटली हातात धरून आमच्याकडे पाहत होता.

"काकाजी, वळल्यावरच गळते!" असे मी गॅरेजच्या दारातूनच सांगितले. नथ्थूजींनी ट्रेलर ओढणारा पुढचा भाग, ज्याला आमच्यात घोडा म्हणतात, तो वळवून उभा करायला लावला. घोड्यातून ट्रेलरकडे जाणाऱ्या नळीला साबण लावला. तिच्या जोडावरच्या क्लिपेखालून भसाभस फुगे आले. नळी ताणली की तिची चीर उघडत होती.

मला नाचावेसे वाटत होते. नथ्थूजींनी मात्र ब्रश खाली ठेवला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "सारे जोड पाह्यले, हा एकच सोडला. मीच बसवला होता म्हणून. चूक माही हाय." आणि मला हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, हे आमचं दोघाचं शेवटचं काम. तुमचे मालक पाना धरून उभे होते. या जोडाले हात लावाचं मन नाई झालं."

मी त्या क्लिपेवरचा साबण पदराने पुसला. मग म्हटले, "कापा, काकाजी. ते असते तर त्यांनीच कापली असती." नथ्थूजींनी नळी कापली. तुकडा भंगारात मी माझ्या हाताने टाकला.

सोमवारी गिऱ्हाईक आले तेव्हा आमचा ट्रेलर हिंगणघाटला गाठी भरत होता. दीर तावातावाने गॅरेजवर गेले, तर नथ्थूजी त्यांना म्हणाले, "भाऊ, त्याले चहा पाजा न् वापस धाडा. गाडी कामावर हाय."

तेव्हापासून त्यांच्या गॅरेजमध्ये तपासणी आपण स्वतः बसवलेल्या जोडापासून सुरू होते. का, असे कोणी विचारले तर नथ्थूजी आपली चूक पूर्ण सांगतात, माझ्या नावासकट. इतक्या वर्षांच्या कारागिराला असे सांगताना मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही.

आता गुडघ्यांमुळे त्यांना गाडीखाली जाता येत नाही. ते स्टुलावर बसतात आणि खाली झोपलेल्यांना रागावतात. नथ्थूजी, तुमचे कान असेच तिखट राहोत, गुडघ्यांना आराम पडो, आणि शंभरी तुम्ही याच स्टुलावर गाठा. आमची गाडी जुनी आहे, तिला तुम्ही फार वर्षे लागणार. परवा गजानन ती घेऊन येतो आहे. हवा पुन्हा थोडी उतरते. कुठून, ते मी ओळखले आहे. पण आधी तुम्ही सांगा.