सियासियात आणि अमीनसाहेबांची घोडी

बी.ए.ला मी सियासियात हा विषय घेतला, कारण त्याचा तास सकाळी असे.

हैदराबादच्या आमच्या कॉलेजात त्या वेळी सगळं उर्दूतून शिकवत. इतिहास होता, पण त्याचा तास दुपारी जेवणानंतर, पत्र्याखालच्या खोलीत. अर्थशास्त्र होतं, पण त्यात आकडेमोड. तत्त्वज्ञानाचे मास्तर प्रश्न विचारायचे आणि वर उत्तराचीही वाट पाहायचे. उरली सियासियात, म्हणजे राज्यशास्त्र. ते कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. वर्गाच्या खिडकीवर चिंचेची सावली होती, तेवढ्यावर मी फॉर्म भरून मोकळा झालो.

पहिल्या वर्षी राज्य म्हणजे काय ते शिकवलं. दुसऱ्या वर्षी परमुलखातली राज्यं कशी चालतात ते. तिसऱ्या वर्षी प्रजेचे हक्क होते. आता आमच्या रियासतीत चार माणसांनी जमून भजनाशिवाय दुसरं काही बोलायचं म्हटलं तरी परवानगी काढावी लागे. त्याच रियासतीत सरकारी खर्चानं आम्हाला प्रजेचे हक्क शिकवत होते! हक्कांचा भाग आला की आमचे प्रोफेसर उठून दार लावून घेत. धूळ येते म्हणायचे. (पावसाळ्यातही यायची.)

दुसरं वर्ष संपवून मी उन्हाळ्याच्या सुटीत चौसाळ्याला घरी आलो, तेव्हा घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. लिंबागणेशच्या माझ्या मामांनी तलवाड्याचं स्थळ आणलं होतं. मुलीचे वडील रंगनाथराव मोठे शेतकरी, बोलायला कमी आणि पाहायला फार, अशी त्यांची ख्याती. मुलगी चांगली होती, घरंदाज होती आणि वाचायलाही शिकलेली होती. खरं सांगायचं तर मामांनी तिचं वर्णन केल्यापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. रंगनाथराव मुलगा पाहायला येणार त्या दिवशी मी सकाळपासून हैदराबादी शेरवानी घालून बसलो होतो. वैशाखाचं ऊन, अंगात काळी शेरवानी. पाहुणे येईपर्यंत मी निम्मा शिजलो होतो.

त्या सकाळी मामांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजूला घेतलं. मामा कचेरीत दोनदा साक्ष देऊन आल्यामुळे त्यांना उर्दू येतं असा आमच्या घराण्याचा समज होता. पोरगं नेमकं काय शिकतंय, असं त्यांनी विचारलं. सियासियात, असं आबांनी अभिमानानं सांगितलं. मामांचा चेहरा उतरला.

"दाजी, सियासत म्हंजी कचेरीच्या भाषेत शिक्षा. मी माझ्या कानानं ऐकलंय. अन् ह्यो शिकतोय सियासियात. म्हंजी दुप्पट."

आबांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांना समजावलं की तसं काही नाही. राज्य कसं चालवावं, राजाला कोणी जाब विचारावा, असं त्यात शिकवतात. माझी समजूत अशी की यानं त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण आबांनी उठून आधी दार लावून घेतलं. (इथं धुळीचंही नाव नाही.)

आबा तसे भित्रे नव्हते. मळ्यात लांडगा आला तर कुऱ्हाड घेऊन एकटे जायचे. पण कचेरीचा माणूस दिसला की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. राजाला जाब विचारायचं शिक्षण आपल्या घरात, आपल्या पैशानं चाललंय हे ऐकून ते खांबाला टेकले. मग त्यांनी मला बजावलं की पाहुण्यांपुढं एवढंच सांग, राज्य चालवायला शिकतो. जाबाचं नाव काढायचं नाही.

रंगनाथराव आले. पाय धुतले, पाणी घेतलं, सरबत घेतलं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला शेरवानीच्या गुंड्या मोजल्या जात असल्यासारखं वाटलं. मग त्यांनी विचारलं, काय शिकता. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं, कारण ते ओसरीवरून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "म्हंजी आमचे जावई राज्य चालवणार म्हणा की."

आणि नेमके तेव्हाच दारात पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, उभे.

ते आम्हाला धरायला वगैरे आले नव्हते. बीडला जाताना त्यांची घोडी वाटेत लंगडायला लागली, म्हणून सावली आणि पाणी पाहून ते शिपायासह आमच्या, म्हणजे देशमुखांच्या, दारी थांबले होते. पण आबांना हे कसं कळणार? त्यांना फक्त पट्टा, खाकी कपडे आणि मिशा दिसल्या. अमीनसाहेबांनी सलाम केला, सगळ्यांकडे पाहिलं, माझ्या शेरवानीकडे जरा जास्तच पाहिलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "क्या पढते जी, साहबजादे?"

मी तोंड उघडलं होतं. आबा माझ्या आधी बोलले.

"जनावराचं, हुजूर. बैल, म्हशी, घोडे. दवादारूचं शिकतोय."

रंगनाथरावांनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या भांड्याकडे, आणि सरबताचा घोट घेतला. मामा छताकडे पाहू लागले. अमीनसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. खुदाची मेहेरबानी, असं म्हणत त्यांनी आबांचा हात हातात घेतला. घोडी लंगडतेय आणि देवानं डॉक्टर दारातच उभा केलाय, असं काहीसं ते म्हणाले. मग त्यांनी मला अंगणाची वाट दाखवली.

मी आबांकडे पाहिलं. आबांनी डोळ्यांनी सांगितलं, जा. एखाद्याला विहिरीत ढकलताना करतात तसे डोळे होते ते.

घोडी उंच होती आणि तिचा स्वभाव चेहऱ्यावर लिहिलेला होता. घोड्यांविषयी माझं ज्ञान एवढंच की दात पुढच्या बाजूला असतात. म्हणून मी मागून गेलो.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. अमीनसाहेब, रंगनाथराव, मामा, आबा, दारामागून आई, आणि बातमी लागल्यामुळे कुंपणापाशी जमलेलं निम्मं चौसाळा, सगळे माझ्याकडे पाहत होते. दोन वर्षांत माझ्या डोक्यात जे काही शिरलं होतं ते सगळं राज्याविषयी. तेच बाहेर आलं. राज्याची तीन अंगं असतात, असं आम्हाला शिकवलं होतं: कायदे करणारं, अंमल करणारं आणि न्याय देणारं. त्यांना उर्दूत मुकन्निना, आमिला आणि अदलिया म्हणतात. हे शब्द हैदराबादेत विद्वानांनी नुकतेच बनवले होते आणि अजून चौसाळ्यापर्यंत पोचले नव्हते, हे माझं नशीब.

"हुजूर," मी घोडीच्या पाठीकडे बोट दाखवून म्हणालो, "मुकन्निना हिची मजबूत आहे. अदलियातही दोष नाही. पण आमिला कमजोर झालीय."

अमीनसाहेबांनी काळजीनं विचारलं, बरी होईल ना. मी म्हणालो, होईल, पण तिन्ही अंगं एकमेकांत ढवळाढवळ करतायत, ती वेगळी ठेवावी लागतील. कुंपणापाशी कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. आबांची मान ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझ्या शिक्षणाचं सार्थक झाल्यासारखं वाटत होतं. मलाही चव आली. मी आणखी एक पाऊल जवळ सरकलो, घोडीच्या शेपटीखाली वाकलो आणि म्हणालो की, आता मूळ प्रश्न असा की हिच्यात सर्वोच्च सत्ता नेमकी कुठं आहे.

घोडीनं ती लगेच दाखवली.

लाथ मांडीवर बसली. मी उडालो आणि गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत, शेरवानीसकट, बसता झालो. त्याच वेळी काहीतरी टणकन भिंतीवर आदळलं. घोडीच्या खुरात रुतलेला खडा होता तो. लाथ झाडली तसा सुटला. घोडीनं पाय टेकवून पाहिला, मग अंगणात एक फेरी मारली. लंगडणं गेलं होतं.

असा इलाज अमीनसाहेबांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. घोडीला बोलून बोलून राग आणायचा आणि तिच्याच हातून, म्हणजे पायानं, दुखणं बाहेर काढायचं! इकडं कुंपणाचं फाटक उघडलं. एकानं मानेवर गळू झालेला बैल आत आणला. एकीनं दूध न देणारी शेळी आणली. बैलवाल्याचा आग्रह असा, की आधी माझ्या बैलाची मुकन्निना बघा. मी अजून डोणीतच होतो.

इथवर सगळं ठीक होतं. (मांडी सोडून.) पण मग अमीनसाहेबांनी मला हात देऊन बाहेर काढलं आणि सांगितलं की बीडला तालुकदारसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांची, घोड्यांची जोडी चार दिवस दाणा खात नाही. अरबी घोडे आहेत, जरा तापट आहेत, गेल्या आठवड्यात त्यांनी खरारा करणाऱ्या मोतद्दाराचा हात मोडला. आत्ताच माझ्याबरोबर चला, साहेब खूश होतील, शिफारस करतील. त्यांनी शिपायाला गाडी बघायला पाठवलंसुद्धा.

मी आबांकडे पाहिलं. ते मान हलवून नको सांगत होते. सांगू नको की जाऊ नको, ते कळायला मार्ग नव्हता. मी उभ्याउभ्या विचार केला. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे अरबी घोडे. तुरुंगात मारलं तरी निदान माणूस मारील.

"हुजूर," मी म्हणालो, "मी जनावरांचं शिकत नाही. सियासियात शिकतो."

आबा ओसरीच्या पायरीवर बसले. मामांनी, आपला या घराशी फक्त बहीण दिल्यापुरता संबंध आहे, अशा बेतानं दोन पावलं मागं घेतली. आईनं दारामागून देवाचं नाव घेतलं. बैलवाल्यानं मुकाट्यानं बैल वळवला.

अमीनसाहेबांनी आबांना विचारलं की कॉलेज सरकारनंच काढलेलं आहे ना. आबा हो म्हणाले. विषय सरकारनंच ठेवलाय ना. मास्तरांना पगार सरकारच देतं ना. "मग लपवता कावून, देशमुख?" ते चक्क मराठीत म्हणाले. आमच्या राज्यात लपवायला कारण लागतं हेच आबांना नवीन होतं.

मग अमीनसाहेब ओसरीवर बसले, सरबत घेतलं, आणि त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असावं, कारण त्यांनी मला विचारलं की या सियासियातीत असतं तरी काय. माझ्या अंगावरून पाणी निथळत होतं. मी सांगितलं: लोकांनी माणसं निवडून द्यायची, त्यांनी कायदे करायचे, आणि राजानंही ते पाळायचे.

"असं कुठं चालतं?"

"परमुलखात, हुजूर."

"अन् आपल्याकडे?"

"आपल्याकडे त्याचा फक्त इम्तिहान होतो."

अमीनसाहेबांनी सरबताचं भांडं खाली ठेवलं. आता बेड्या, असं मला वाटलं. पण त्यांच्या मिशा आधी थरथरल्या, मग खांदे, आणि मग ते इतके हसले की घोडीनं वळून पाहिलं. इम्तिहानात तेवढं हे उत्तर लिहू नका, असं मला बजावून ते घोडीवर बसले. निघताना माझ्या मांडीला औषध म्हणून हळद लावायला सांगितली. त्या दिवशी आमच्या अंगणात दिला गेलेला एकमेव खरा वैद्यकीय सल्ला तो.

ते गेले आणि ओसरीवर रंगनाथराव उरले. आबा खाली मान घालून होते. घरच्या लोकांनी पाहुण्यांसमोर खोटं बोलावं, मुलानं ते दुप्पट करावं आणि वर डोणीत बसावं. यापुढं स्थळ टिकेल अशी कोणालाच आशा नव्हती. मामांनी चाचरत सुरुवात केली की पोरगं तसं हुशार आहे, आज जरा वेळ वाईट होती.

रंगनाथरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"लेकीसाठी मी लई पोरं पाहिली. पोराला काय काय येतं ते समदे सांगतात. काय येत न्हाई ते लगीन झाल्यावर कळतं. हितं ते आधीच कळलं." त्यांनी आबांकडे वळून पाहिलं. "आमाला पसंत हाय."

आई साखर आणायला धावली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी, ओल्या शेरवानीत, मांडी धरून, होणाऱ्या सासऱ्यांच्या पाया पडायला पुढं झालो आणि वाकू लागलो. मांडी वाकू देईना. पुन्हा प्रयत्न केला. अर्ध्यावरच अडकलो, ना धड उभा ना धड वाकलेला.

"ऱ्हाऊ द्या," रंगनाथराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हेबी येत न्हाई. ध्यानात ठेवतो."